ओळख दाराच्या पलीकडे

संपादकबाईंनी ‘नोकरीतले अनुभव लिहा’ असं सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. दिवाळी अंकात असं लिहिणारे मी आजवर वाचले ते सगळे निवृत्त झालेले. कोणी स्टेशनमास्तर, कोणी नर्स, कोणी तलाठी. माझी नोकरी अजून चालू आहे, पदवीचं शेवटचं वर्षही चालू आहे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही, त्यामुळे लिहिलेलं बरोबर की चूक हे घरात विचारायचीही सोय नाही. तरी आईला विचारलं. सुपात भात पाखडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, “वनिताबाईच्या टोपीचं लिही. ते मी सगळ्या आळीत सांगितलंय.”

टोपी वनिताताईंची नव्हती. आई गोष्ट सांगते तेव्हा असे लहानसहान फरक होतात. म्हणून वाटलं, आपणच नीट लिहावं.

मी आमच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या विमानतळावर काम करते, सुरक्षा समन्वय विभागात. विभाग म्हणजे एक टेबल, एक फोन आणि मी. विमानतळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मुंबईचं येतं. आमचं तसं नाही. एक धावपट्टी आणि अलिबागच्या एसटी स्टँडसमोर उभी केली तर लाजेल अशी एक इमारत. पंख्यांची लहान विमानं येतात, जातात. मधल्या वेळात पलीकडच्या खाचरांतून बगळे उडतात, तेवढीच वाहतूक.

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. मोठ्या विमानतळांवर प्रवाशांची झडती घ्यायला केंद्राचं सुरक्षा दल असतं. लहान ठिकाणी ते दल मिळेलच असं नाही. मग विमानतळ चालवणारी कंपनी जिल्हा पोलिसांशी करार करते. माणसं पोलिसांची, यंत्रं आणि प्रशिक्षण कंपनीचं, नियम दिल्लीचे. या तिघांमध्ये जे कागद, फोन आणि रुसवेफुगवे फिरतात ते सांभाळणं हे माझं काम. बारावीनंतर मी टायपिंगसाठी लागले होते. करार लिहिणाऱ्या वकीलसाहेबांना पोलीस ठाण्याचं काम कसं चालतं ते ठाऊक नव्हतं आणि पोलिसांना वकीलसाहेबांची भाषा कळत नव्हती. मी दोघांचं ऐकून घेत असे. ऐकता ऐकता हे काम माझ्याकडेच आलं.

करारातलं सगळ्यात अवघड कलम होतं बंदोबस्ताचं. कंपनीचं म्हणणं, विमानतळावर नेमलेली माणसं सणासुदीला परत बोलवायची नाहीत. हे घेऊन मी अलिबागला पोलीस मुख्यालयात गेले. तिथले हेडक्लार्क चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघत राहिले.

“बाळ, गाव कुठलं तुझं?”

मी सांगितलं.

“मग तुला कळायला पाहिजे. गणपतीला आम्ही रजेवरच्या माणसाला अंथरुणातून उठवून आणतो. आणि तू म्हणतेस, ही माणसं विमानापाशी बसून राहणार?”

मोठ्या माणसासमोर माझा आवाज बसतो. तरी म्हटलं, “काका, झडती घ्यायला माणूस नसेल तर विमान उतरू देत नाहीत. गणपतीत मंत्रीसाहेब त्याच विमानाने येतात. विमानच आलं नाही तर तुम्ही बंदोबस्त कोणाचा करणार?”

ते इतके हसले की शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले. “अगो, हिला वकील कोणी केली?” म्हणाले. पण कलम साहेबांपुढे ठेवलं आणि ते मंजूर झालं. त्या दिवशी परत येताना मी एसटीत उभी होते आणि उगाचच हसत होते.

अशा रीतीने आमच्याकडे पोलीस आले, आणि त्यांच्यात वनिताताई आल्या. हवालदार वनिता घरत. याआधी ठाण्यात त्यांना एकच काम असायचं. बाई आरोपी असली की तिच्याबरोबर बसायचं, तिला कोर्टात न्यायचं, परत आणायचं. पाळीची प्रमुख म्हणून त्यांना पहिल्यांदा कोणी नेमलं ते विमानतळावर. मुंबईत जाऊन त्यांनी झडतीचं प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली. एक्स-रे मशीनच्या पडद्यावर नारिंगी, हिरवा, निळा रंग दिसतो. नारिंगी म्हणजे खाण्यापिण्याच्या, कापडाच्या वस्तू, हिरवा म्हणजे सरमिसळ, निळा म्हणजे धातू. वनिताताई पडद्याकडे बघून सांगायच्या, “ह्या बॅगेत सुके बोंबील हायत, वास यायच्या आधी पुढं घ्या.”

काशीदकडचे एक वाडीवाले तात्या होते. नारळी-पोफळीची मोठी वाडी, मुलगा नागपूरला. पहिल्या खेपेला त्यांच्या चंचीत अडकित्ता निघाला. तात्या तापले.

“हा माझ्या वडिलांचा अडकित्ता आहे. यानं मी विमान कापणार?”

“तुम्ही सुपारीच कापाल तात्या,” वनिताताई म्हणाल्या. “पण वर गेल्यावर तुमच्या चंचीत दुसऱ्या कोणी हात घातला तर तो काय कापंल, ते मी कसं सांगू?”

तात्या तणतणत बाहेर गाडीपाशी गेले. मग अडकित्ता ड्रायव्हरकडे दिला. पुढच्या खेपेला सुपारी घरूनच कातरून आणली होती. त्याच खेपेला सामानात सुकं खोबरं निघालं. त्यात तेल असतं, पेटू शकतं, म्हणून तेही नेऊ देत नाहीत. तात्या म्हणाले, “मग वाडीवाल्यानं न्यायचं तरी काय?” वनिताताई म्हणाल्या, “आशीर्वाद न्या. मशीनमदी दिसत न्हाय.”

असं सगळं छान चाललं होतं. दारात हसणं-बोलणं असायचं. आणि आमची चूक त्या हसण्या-बोलण्यातच होती.

हिरामावशी आमच्या विमानतळाची चहावाली. रेवसकडची कोळीण. रोज सकाळी एका हातात किटली आणि डोक्यावर टोपली. टोपलीत घावणे आणि लसणाची चटणी. नियम असा की आत जाणारा कोणीही असो, कर्मचारी, मॅनेजर किंवा मंत्री, त्याची झडती झाली पाहिजे. हिरामावशीच्या बाबतीत झडती म्हणजे टोपलीवरचा फडका उचलून घावणे गरम आहेत का ते बघणं.

एके दिवशी दिल्लीहून तपासणी पथक आलं. असं पथक येतं ते न सांगता, आणि साध्या कपड्यांत. त्यांच्यातला एक जण बाहेर रिक्षांपाशी मावशीला म्हणाला, “आमचे साहेब आत आहेत, त्यांचा डबा विसरला. तेवढा पोचवाल?” मावशी कोणाला नाही म्हणत नाही. तिने डबा घावण्यांखाली ठेवला.

दारात वनिताताई होत्या.

“काय गो मावशे, आज उशीर?”

“नातीला शालंत सोरली.”

“जा, जा. पोरं भुकेली हायत.”

मावशी आत गेली. आतल्या साहेबांनी डबा घेतला, उघडला आणि त्यातलं काळं पिस्तूल आमच्या टेबलावर ठेवलं. प्लास्टिकचं होतं, फक्त परीक्षेसाठी.

हिरामावशी रडकुंडीला आली. “मना काय म्हाईत? डबा म्हंजे डबा! भाकर आसंल म्हटलं!” मग ती एकदम वनिताताईंकडे वळली. “आन् तू गो? तू का नाय बगितलास?”

वनिताताईंनी टोपलीवरचा फडका उचलला आणि परत तसाच ठेवला.

पथकाच्या प्रमुख एक बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या मॅडम होत्या. त्या रागावल्या नाहीत, याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी सांगितलं, पुन्हा परीक्षा होईल, कधी ते सांगणार नाही. त्यात नापास झालात तर पोलिसांशी केलेला करार रद्द, आणि केंद्राचं दल मिळेपर्यंत विमानं बंद. आमचे मॅनेजर नायर सर मान खाली घालून बसले होते. ते दल कधी मिळेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सामान चढवणारी लोडरची पोरं, टॅक्सीवाले, मावशीची किटली, सगळं त्यावर अवलंबून होतं. आणि वनिताताईंना परत ठाण्यात जावं लागलं असतं, तेही ‘पिस्तूल आत सोडणारी बाई’ म्हणून.

त्या दिवशी पाळी संपल्यावर त्या नळापाशी तोंड धूत होत्या. मी टॉवेल घेऊन गेले.

“बाय,” त्याच म्हणाल्या, “माझी सगळी नोकरी ओळखीवर झाली. गावात चोरी झाली की आमी काय बघतो? नवीन तोंड कोणाचं हाय. वळखीचा माणूस म्हंजे सुटलेला माणूस. हितं त्याच्या उलटं हाय. हितं कोणाला वळखायचंच न्हाय. हे मला मुंबईत शिकवलं, मी लिहून पण आले. पण डोळ्यांना कोण शिकवणार?”

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की चूक आळसाची नव्हती. जे चांगल्या पोलिसाचं कसब, तेच इथे आडवं येत होतं. करारात मी सगळी कलमं घातली होती, पण हे कुठल्या कलमात घालणार?

मग कडक वागायचा प्रयत्न झाला. पोलिसांचे प्रमुख फौजदार गायकवाडसाहेब. त्यांनी सगळ्यांना उभं करून झापलं. दुसऱ्याच दिवशी रुपेश नावाच्या तरुण शिपायाने स्वतःच्या सख्ख्या मामाला दारात ओळख न देता हात वर करायला लावले. मामा संध्याकाळी त्याच्या आईला फोन करून म्हणाले, “तुझ्या पोरानं चार माणसांत माझ्या अंगाला हात लावला.” नातं तुटायची वेळ आली. मग रुपेश नरमला, बाकीचेही हळूहळू नरमले. आपल्याकडे ओळख न दाखवणं हा अपमान असतो. नियमाच्या कागदावर कितीही लिहिलं तरी गावात त्याच माणसांत राहायचं असतं.

उपाय वनिताताईंनीच काढला. एका सकाळी नायर सर, गायकवाडसाहेब आणि मी बसलो होतो. त्या आल्या, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, आपण मयताच्या घरातून निघतो तेव्हा ‘येतो’ म्हणतो का?”

“नाही,” गायकवाडसाहेब म्हणाले. “का?”

“कोणाला राग येतो?”

“राग कशाला येईल? तिथं तसंच असतं.”

“मंग आपल्या दारात पण तसंच करायचं. दारात राम राम न्हाय, चौकशी न्हाय, हसायचं न्हाय. सगळ्यांना सांगून ठेवायचं, हितं तसंच असतं.”

“बाई, विमानतळाला मयताचं घर म्हणू नका हो!” गायकवाडसाहेब म्हणाले. नायर सरांना मी इंग्रजीत अर्थ सांगितला तर तेही दचकले.

“पुढचं तर ऐका,” वनिताताई म्हणाल्या. “दार ओलांडलं की पलीकडं एक बाक ठेवायचा. झडती झाली की माणूस तिथं येईल. आमच्यातला एक जण तिथं जाईल, नमस्कार करील, घरचं विचारील, पाणी देईल. वळख आहेच. पण ती दाराच्या पलीकडं.”

एक जुना लाकडी बाक धावपट्टीकडच्या खिडकीशी ठेवला. आणखी एक रिवाज त्यांनी घातला. रोज पहिला प्रवासी यायच्या आधी सगळ्यात नव्या शिपायाने सगळ्यांसमोर वनिताताईंची पिशवी, जेवणाचा डबा, सगळं उघडून तपासायचं, आणि बायकांच्या झडतीला असलेल्या मुलीने त्यांची अंगझडती घ्यायची. “माझी झाली, आता कोणाची न्हाय म्हणायची हिंमत हाय?” असं त्या म्हणायच्या.

लोक आधी बुजले. नंतर मजा वाटू लागली. रुपेशच्या मामांना बाकावर बसवून रुपेशने पाया पडून पाणी दिलं, तेव्हा मामा म्हणाले, “आता कसं!” हिरामावशी तर दारात टोपली उतरवून स्वतःच म्हणायची, “घाल हात. खाली परयंत घाल.” घावणे थोडे फाटायचे. आणि दारातलं ते पूर्वीचं हसणं गेलं ते गेलंच. मला अजून त्याची आठवण येते. बाकावरचं हसणं वेगळं आहे.

पुढची परीक्षा आली ती गणपतीच्या तोंडावर. रांग दारापर्यंत. मुलं रडत होती, मोदकांच्या डब्यांचे ट्रे सरकत होते. तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि गायकवाडसाहेब लगबगीने आले. पूर्ण गणवेश, डोक्यावर टोपी.

“वनिता, एसपी साहेबांचा फोन आलाय. मला आत जायचंय, बाजूने सोड.”

“साहेब, ट्रे घ्या.”

साहेब थांबले. “ऐकू आलं नाही का? एसपी साहेब!”

“ट्रे, साहेब.”

त्यांनी रागाने फोन आणि पट्टा ट्रेमध्ये टाकला. वनिताताई म्हणाल्या, “रुपेश, साहेबांची झडती घे.”

त्याने हातातली मशीन पायापासून वर फिरवली. ती खांद्यापर्यंत गेली आणि तिथून खाली आली. “झालं,” तो पुटपुटला. साहेब पुढे निघाले.

“साहेब, टोपी.”

माझं टेबल काचेपलीकडेच आहे. मी हातातला फोन खाली ठेवला. पोलीस खात्यात वरिष्ठाच्या टोपीचं काय असतं ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. खाली पडलेली टोपी उचलून देतानासुद्धा ते दोन्ही हातांनी देतात. सगळ्या रांगेसमोर साहेबांना टोपी काढायला सांगणं म्हणजे भर सभेत पागोटं उतरवायला सांगण्यासारखं.

“काय म्हणालीस?”

“टोपी ट्रेमध्ये ठेवा, साहेब.”

“उद्यापासून कुठल्या चौकीत बसायचंय ते ठरवून ठेव.”

“उद्याचं उद्या, साहेब. आत्ता टोपी.”

वनिताताईंचा हात ट्रे धरून पुढेच होता. रांगेतलं एक मूलही रडायचं थांबलं. साहेबांनी सावकाश टोपी काढली आणि ट्रेमध्ये ठेवली. मशीनचा पट्टा सरकला, टोपी आत गेली. वनिताताई पडद्याकडे बघत होत्या.

“पट्टा थांबव,” त्या म्हणाल्या. “अस्तराच्या आत कायतरी हाय. निळं. वायर हाय. सगळ्यांनी मागं व्हा. साहेब, तुम्ही पण.”

तेव्हा रांगेतून एक बाई पुढे आल्या. साधी सुती साडी, हातात मोदकांचा डबा. मी त्यांना ओळखलं नव्हतं. त्या दिल्लीच्या मॅडम होत्या. त्यांनी ओळखपत्र दाखवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हसत असाव्यात तशा हसल्या.

“डमी आहे. तुम्ही पास आहात.”

मग जो आवाज झाला तो मी लिहू शकत नाही. लोडर शिट्ट्या मारत होते, नायर सर मल्याळममध्ये काहीतरी बोलत होते, आणि काय झालं हे न कळलेले प्रवासीसुद्धा टाळ्या वाजवत होते. रुपेश भिंतीला टेकून खाली बसला होता.

वनिताताई मात्र जागेवरून हलल्या नाहीत. साहेबांची झडती पूर्ण झाली, ते पलीकडे गेले आणि त्या बाकावर जाऊन बसले. मग वनिताताईंनी डमी काढून घेतलेली टोपी दोन्ही हातांत घेतली, दार ओलांडलं, त्यांच्यासमोर जाऊन ती दिली. साहेबांनी ती घातली. त्या एक पाऊल मागे सरल्या आणि असा कडक सॅल्यूट ठोकला की काच हलली असं मला वाटलं.

साहेब उभे राहिले. त्यांनीही सॅल्यूट केला.

“मॅडमना मीच सांगितलं होतं,” ते म्हणाले. “म्हटलं, टोपीत ठेवा. तिथं कोणी हात लावणार नाही. माझ्या खात्याबद्दल मला खात्री होती.”

“आणि आता, साहेब?”

“आता चहा सांग.”

हिरामावशी तिथेच होती. “चा कवाच ओतलाय,” ती म्हणाली, “निस्ते बोलत बसल्यात!”

करार पुढे चालू राहिला. आता त्यात एक नवं कलम आहे, दाराच्या पलीकडे बाक असावा असं. वकीलसाहेबांनी विचारलं, हे करारात कशाला? मी म्हटलं, असू द्या. एवढं ठाम मी याआधी कोणाशीच बोलले नव्हते.

यंदा विदर्भातल्या एका नव्या छोट्या विमानतळाला असाच करार करायचा होता. तिथल्या लोकांना सगळं समजावून सांगायला कंपनीने मला पाठवलं. इतकी वर्षं विमानतळावर काम करून मी विमानात कधी बसले नव्हते. आई-बाबा सोडायला आले. आईने नऊवारी नेसली होती आणि फाटकाबाहेरून ती ‘ही माझी मुलगी’ असं अनोळखी माणसांना सांगत होती.

दारात वनिताताई होत्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

“बॅग ट्रेमध्ये. हात वर.”

पडद्यामागे त्यांनी माझी झडती घेतली. खांदे, पाठ, बाह्या, चपला. वेणीसुद्धा चाचपली. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी असं बघितलं की क्षणभर मलाच वाटलं, आपण यांना कधी भेटलोच नाही. छाती अभिमानाने भरून आली. खरं सांगते, इतकं बरं मला कुठल्या परीक्षेच्या निकालानेही वाटलं नव्हतं.

मी पुढे गेले आणि बाकावर बसले. खिडकीबाहेर विमान उभं होतं. थोड्या वेळाने वनिताताई दार ओलांडून आल्या. हातात पाण्याचा पेला होता. मला आत्ताच पहिल्यांदा बघितल्यासारखे त्यांनी डोळे मोठे केले.

“अगो बाय, तू! कुठं चाललीस एवढी नटून?”